ट्रकचं एअर सस्पेन्शन: हवा कमी पडत नव्हती, बेलो छोटा होता

मित्राने त्याच्या ट्रकचा फाटलेला बेलो, म्हणजे एअर सस्पेन्शनची हवेने फुगणारी रबरी स्प्रिंग, आणून बाकड्यावर ठेवला आणि म्हणाला, बघ, माल खराब निघाला. मी तो हातात घेऊन फिरवून बघितला. एका बाजूला बोटाएवढ्या रुंदीची पट्टी गुळगुळीत झालेली, वरचं रबर तिथे गेलेलंच होतं, आतला दोरा उघडा पडलेला आणि दोऱ्याच्या दोन ओळींच्या मधून सरळ चीर. बाकी सगळीकडे रबर नव्यासारखं. मग ट्रकखाली झोपून टॉर्च मारला तर सायलेन्सरच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट होता, बाकी सगळा गंजलेला आणि फक्त डोकं चांदीसारखं चकचकीत. म्हणजे बेलो फुगला की त्या बोल्टला लागत होता, रोज थोडा थोडा घासत होता, आणि एक दिवस लोड असताना गेला. रबर खराब नव्हतं.

तर हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात जवळजवळ प्रत्येक पार्ट एकदा चुकीचा निवडला गेला आणि परत निवडावा लागला, आणि चूक प्रत्येक वेळी एकाच जागेवरून सुरू झाली होती.

गाडी म्हणजे पिकअप ट्रक, लॅडर चासी (शिडीसारखा लोखंडी सांगाडा), पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. मागे सर्व्हिस बॉडी बसवलेली, ती हवी तेव्हा उतरवता येते, आत जनरेटर, वेल्डिंग मशीन, हत्यारं. अधूनमधून ट्रेलर पण ओढतो. पाट्यांची अडचण सगळ्यांना माहिती आहे, पूर्ण लोडसाठी बनवलेले असतात त्यामुळे गाडी रिकामी असली की मागचा भाग उड्या मारतो आणि ट्रेलर लावला की बूड टेकतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. हवेच्या स्प्रिंगची गंमत हीच आहे की लोडप्रमाणे प्रेशर वाढवलं की स्प्रिंगचा कडकपणा पण सोबतच वाढतो, त्यामुळे रिकामी काय आणि भरलेली काय, गाडीची चाल साधारण सारखी राहते. मित्राची इच्छा एकदम बरोबर होती. पाटे काढून पूर्ण हवेवर जायचं, आणि ट्रेलर लावताना मागचा भाग दोन इंच खाली घेता यावा.

पहिल्यांदा काम दुसरीकडे झालं होतं, तिथे त्याला मागच्या एक्सलवर दोन छोटे बेलो बसवून दिले. लोड टाकल्यावर गाडी उचलायलाच तयार नाही, खूप वेळ लागतो, म्हणून त्याला वाटलं कंप्रेसर कमी पडतोय. दुसरा कंप्रेसर लावला. तरी हळूच, मग वाटलं व्हॉल्व्ह बारीक आहेत, अर्ध्या इंचाचे व्हॉल्व्ह घेतले. मग कंप्रेसर चालू-बंद करणारा प्रेशर स्विच बदलून २०० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पाउंड दाब) लावला. इतकं सगळं झालं पण एकदाही कोणी गाडी वजनकाट्यावर नेली नाही, आणि मला वाईट वाटतं ते याचंच, कारण त्या एका कागदावर सगळी उत्तरं होती.

आम्ही नेली. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी काट्यावर, तीन वेळा. मागे बॉडी उतरवून ९०० किलो, बॉडी आणि सामानासकट १३५०, ट्रेलर लावून १५५०. दाराजवळच्या पाटीवर मागच्या एक्सलची मर्यादा १८०० होती, म्हणजे आत आहोत. हे आधी बघायचंच, कारण बेलो कितीही मोठा लावा, एक्सल, चाकं, टायर, ब्रेक यांची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही, गाडी सरळ उभी दिसते म्हणून लोक जास्त भरतात आणि तिथे घात होतो. आता या वजनातून एक्सल, चाकं, ब्रेक यांचं वजन वजा करायचं, कारण ते बेलोच्या खाली आहे, बेलो ते उचलत नाही. आम्ही साधारण २२० किलो धरलं. उरलेलं दोनने भागलं तर एका बेलोवर रिकामं ३४० किलो, सामानासकट ५६५, ट्रेलरसकट ६६५.

आता बेलोचं गणित सोपं आहे, उचलायची ताकद म्हणजे प्रेशर गुणिले क्षेत्रफळ. पण क्षेत्रफळ म्हणजे बाहेरून मोजलेला व्यास नाही, हवा खरोखर जेवढ्या क्षेत्रफळावर काम करते ते, कंपनीच्या चार्टवर उंचीनुसार दिलेलं असतं. त्याच्या छोट्या बेलोचं ते ११ चौरस इंच होतं. ५६५ किलो म्हणजे साधारण १२४५ पाउंड, त्याला ११ ने भागा, ११३ पीएसआय. ट्रेलर लावला तर १३३. आणि बेलोवर लिहिलेली कमाल मर्यादा १०० पीएसआय. तो रोज मर्यादेच्या वर चालवत होता, आणि इतक्या प्रेशरला बेलोचं पोट जास्त फुगतं म्हणून बोल्टपर्यंत पोचत होतं. गाडी हळू उचलायची कारण टाकीतलं प्रेशर आणि बेलोला लागणारं प्रेशर यात फरकच उरत नव्हता, हवा ढकलणार कोण. हवा कमी पडत नव्हती, क्षेत्रफळ कमी पडत होतं. दुसरा कंप्रेसर, मोठे व्हॉल्व्ह, २०० चा स्विच, हे सगळं त्या एका आकड्यामुळे विकत घेतलेलं.

मग २० चौरस इंचवाले बघितले. रिकामं ३७ पीएसआय, सामानासकट ६२, ट्रेलरसकट ७३. मला हा पट्टा आवडतो, वर मर्यादेपर्यंत चांगली जागा आहे आणि खाली पण इतकं कमी होत नाही की बेलोची घडी वेडीवाकडी पडेल. फार मोठा बेलो पण चांगला नाही हे सांगायला हवं, रिकाम्या गाडीला दहा-पंधरा पीएसआयवर चालवलं तर रबर नीट गुंडाळलं जात नाही आणि चिमटा बसतो.

या मापात दोन प्रकार समोर होते. एक दोन वळ्यांचा, डमरूसारखा, आणि एक रोलिंग प्रकारचा, ज्याचं रबर खालच्या पिस्टनवर गुंडाळत खाली येतं. वळ्यांचा बेलो दणकट, बसका, कमी जागेत बसतो, पण त्याची चाल कमी, आमच्या मापात ३ इंचापासून ८ इंचापर्यंत, आणि उंची वाढली की त्याचं क्षेत्रफळ बरंच घटतं. रोलिंगवाला ४ ते ११ इंच. आम्ही गाडीची चालायची उंची ६.५ इंच धरली, खाली साधारण दोन इंच, वर साडेतीन इंच सुटायला जागा. वळ्यांचा बेलो पूर्ण प्रेशरला जास्त रुंद होत होता आणि सायलेन्सरच्या बाजूला परत तीच बोल्टची कथा झाली असती. म्हणून मागे रोलिंग. पुढच्या चाकांसाठी पण बेलो घ्यायचे असा त्याचा हट्ट होता, मी त्याला काट्याचा कागद दाखवला, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत पुढच्या एक्सलचा फरक जेमतेम ४० किलो. म्हटलं अरे, पुढे तुला हवेची गरजच नाही, कॉइल राहू दे. त्याला ते पटायला दोन दिवस लागले पण पटलं.

बेलो बसवायची जागा हा विषय मला बेलोच्या निवडीइतकाच मोठा वाटतो. बरेच लोक तो एक्सलवर न ठेवता पुढे लिंकवर, म्हणजे एक्सलला चासीशी जोडणाऱ्या दांड्यावर, ठेवतात, जागा सापडते म्हणून. आमची खालची लिंक ९०० मिमी लांब, समजा बेलो चासीकडच्या पिव्हटपासून ६०० वर ठेवला, तर तरफ होते आणि त्याला दीडपट जोर लावावा लागतो, म्हणजे ट्रेलरसकट ७३ च्या जागी ११० पीएसआय, परत मर्यादेबाहेर. शिवाय उंचीचं नियंत्रण पण बदलतं, बेलो एक इंच हलला की चाक दीड इंच हलतं. म्हणून बेलो सरळ एक्सलच्या वर.

एक्सलवर पण कुठे, हा पुढचा प्रश्न. चासीच्या आतल्या बाजूला ठेवला तर दोन बेलोमधलं अंतर ७४० मिमी, चासीच्या बरोबर खाली ठेवला तर ८८०. पाटे १०५० वर होते. वळणावर गाडी झुकायला होणारा विरोध या अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे ७४० वर तो पाट्यांच्या निम्मा उरतो, ८८० वर सत्तर टक्के, आणि पाटे स्वतः पिळ खाऊन जो विरोध करतात तो तर गेलाच. उंच बॉडी असलेल्या गाडीत हे फार लागतं. आम्ही ८८० घेतलं. पूर्ण प्रेशरला बेलोभोवती चारी बाजूंनी किमान २५ मिमी मोकळं पाहिजे असं ठरवलं, सायलेन्सरचं ते ब्रॅकेट कापून दुसरीकडे नेलं, पाइपला उष्णता अडवणारा पत्रा लावला. मग गाडी जॅकवर घेऊन, चाकं काढून, बेलोत १०० पीएसआय भरून, एक्सल खाली-वर आणि तिरका करून प्रत्येक ठिकाणी बोट फिरवून बघितलं. सगळ्यात कमी अंतर ३० मिमी मिळालं.

पाटे काढले की एक गोष्ट लोक विसरतात. पाटे नुसते स्प्रिंग नव्हते, एक्सलला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे धरून ठेवायचं काम तेच करत होते. बेलो हे काहीच करत नाही, तो फक्त वर ढकलतो. म्हणून लिंका लागतात. वरच्या दोन लिंका तिरक्या घेतल्या तर बाजूला सरकणं पण त्याच अडवतात, पण आमच्याकडे डिझेलची टाकी आडवी येत होती, म्हणून चार समांतर लिंका आणि एक पॅनहार्ड रॉड, म्हणजे एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा. हा रॉड जितका लांब तितका चांगला आणि चालायच्या उंचीवर आडवा, एका पातळीत पाहिजे, कारण एक्सल वर-खाली होताना तो वर्तुळात फिरतो आणि एक्सलला बाजूला ओढतो. ८०० मिमीच्या रॉडने ९० मिमी खाली लटकताना एक्सल ५ मिमी सरकतो, ५०० चा असता तर ८ मिमी. लिंकांच्या टोकांना रोज-एंड (धातूचे गोळीवाले सांधे) लावायचा विचार होता, दिसायला छान असतात, पण कामाच्या गाडीत माती गेली की खडखडायला लागतात, म्हणून रबर बुश घेतले. प्रोपेलर शाफ्टचे कोन चालायच्या उंचीवर लावले, दोन्ही जॉइंटचे कोन सारखे, नाहीतर गाडी पळताना थरथरते आणि माणूस टायर बॅलन्स करत बसतो.

हवेच्या स्प्रिंगमध्ये घर्षण जवळजवळ नसतं. पाट्यांमध्ये पानं एकमेकांवर घासून थोडा झटका खातात, ते इथे गेलं, म्हणून शॉकअप जुने ठेवून चालत नाही, जास्त दमदार घ्यावे लागले. आणि लांबी मोजून घ्यायची, म्हणजे एक्सल पूर्ण लटकला की शॉकअप आधी संपला पाहिजे, बेलो नाही. आमचा शॉकअप बेलोच्या १० इंचाला थांबतो, बेलो ११ पर्यंत जाऊ शकतो. खाली येताना रबराचा स्टॉप ४.४ इंचाला लागतो, बेलो ४ ला बसतो. बेलोवर ना लटकायचं, ना आपटायचं.

ब्रेकचं एक आवर्जून सांगतो. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलला एक काडी जोडलेली असते, लोडने चासी खाली बसली की ती काडी मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देते. हवेवर गाडी बसतच नाही, उंची कायम, म्हणजे त्या व्हॉल्व्हला गाडी नेहमी रिकामीच वाटणार आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमजोर राहणार. या गाडीत ते काम एबीएस करत होतं, काडी नव्हती, म्हणून पुढे गेलो. तुमच्या गाडीखाली ती काडी असेल तर बेलो विकत घ्यायच्या आधी ब्रेकच्या जाणकाराकडे जा. ब्रेकचा लवचिक पाइप पण पूर्ण लटकलेल्या एक्सलला ताणला जात नाही ना ते बघून घ्या. आणि एअर ब्रेकवाला मोठा ट्रक असेल तर सस्पेन्शनची हवा प्रोटेक्शन व्हॉल्व्हमधूनच घ्यायची, म्हणजे बेलो फुटला तरी ब्रेकची हवा जाणार नाही.

आता कुठे हवेकडे आलो. बघा किती उशिरा आलो, आणि त्याने खरेदी इथूनच सुरू केली होती. एका बेलोत चालायच्या उंचीवर साधारण २.१ लिटर जागा, ६२ पीएसआय म्हणजे बाहेरच्या हवेच्या ५.२ पट, म्हणजे बाहेरची ११ लिटर हवा आत कोंबलेली. खाली बसवून ठेवलेल्या बेलोत दोन-अडीच लिटर आधीच असते. म्हणजे खालून वर उचलायला दोन्ही बेलो मिळून सतरा-साडेसतरा लिटर हवा. ११ लिटरची टाकी १४५ पीएसआयला भरलेली असेल तर एका उचलीला तिचं प्रेशर फक्त २३ ने उतरतं, १४५ चं १२२. मिनिटाला ३० लिटर देणारा एक साधा कंप्रेसर हे पाऊण मिनिटाच्या आत भरून काढतो. दुसरा कंप्रेसर आम्ही काढून त्याच्या हातात दिला. २०० चा स्विच पण काढला, ११० ला चालू आणि १४५ ला बंद असा लावला. बेलोला जास्तीत जास्त ७३ लागतात, मग कंप्रेसरला २०० पर्यंत कशाला ताणायचं, तिथे तो सगळ्यात जास्त तापतो आणि सगळ्यात जास्त करंट खातो. ड्यूटी सायकल पण वाचून घ्या, ३३ टक्के म्हणजे ९ मिनिटांत ३ मिनिटं चालणार आणि ६ मिनिटं थंड होणार. रिले, ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ, जाड वायर. कंप्रेसरमधून निघणारा पहिला पाइप धातूच्या जाळीचाच हवा, तिथली हवा प्लास्टिकचा पाइप मऊ करण्याइतकी गरम असते.

पाणी. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साचते. टाकीच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ड्रेन कॉक आणि बेलोच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर. कॅडिलॅकने १९५७ साली एल्डोराडो ब्रोघमला एअर सस्पेन्शन दिलं होतं, त्या गाड्या इतक्या गळायला लागल्या की पुढे कितीतरी मालकांनी कॉइल स्प्रिंग टाकून घेतल्या. कल्पना छान होती, सील आणि व्हॉल्व्हनी मारलं. म्हणून मी फिटिंगच्या कामात घाई करत नाही.

पाइप दोन सुती, म्हणजे पाव इंची. अर्ध्या इंचाचे व्हॉल्व्ह बाजूला ठेवले, ते शो गाडीसाठी ठीक, बटण दाबताच गाडी उडी मारते, पण इथे उंची हळूच आणि अचूक जुळवायची आहे, मोठा व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी पुढे निघून जातो. डाव्या-उजव्या बेलोला स्वतंत्र व्हॉल्व्ह. एकाच पाइपला टी मारून दोन्ही जोडले तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी अजूनच झुकते.

कंट्रोलर त्याच्याकडे प्रेशरवर चालणारा होता, ६२ पीएसआय आधीच ठरवून एका बटणावर टाकलेले. बॉडी उतरवली आणि तेच बटण दाबलं, मागचा भाग सरळ शॉकअपच्या टोकापर्यंत वर गेला, कारण ३४० किलोला ३७ च पुरतात. प्रेशर हे उंची सांगत नाही, ज्याचा लोड बदलतो त्याच्या कामाचं नाही. उंची मोजणारे दोन सेन्सर लावले, एकेका बाजूला, आणि खड्ड्यात चाक गेल्या गेल्या व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून काही सेकंद थांबणारी सेटिंग. प्रेशरचे काटे डॅशबोर्डवर ठेवलेच, आणि प्रत्येक लाइनला टायरसारखा एक व्हॉल्व्ह, कंप्रेसर मेला तर पंपाने हवा भरून घरी येता येईल.

पहिल्या रात्री डावी बाजू बसली. साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर मारलं, बुडबुडा एकही नाही. दुसऱ्या रात्री पण तेच. मग व्हॉल्व्ह उघडला तर आतल्या सीटवर टेफ्लॉन टेपचा पांढरा धागा आडवा पडलेला, नखाएवढा सुद्धा नाही, आणि त्याच्या बाजूने हवा बाहेर निघून जात होती, जोडातून नाही. सगळ्या आट्यांवरची टेप काढली, पातळ सीलंट लावला, पहिले दोन आटे कोरडे ठेवून. पाइप पक्कडने कापलेले होते ते पण कटरने सरळ कापून परत बसवले, कारण तिरक्या तोंडाचा पाइप ओ-रिंगला कापतो. त्यानंतर रात्री ६२ वर उभी केलेली गाडी सकाळी ६१ वर होती, आणि सकाळ थंड होती.

दोन आठवड्यांनी सगळे बोल्ट परत टॉर्क केले, पॅनहार्डच्या चासीकडच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट थोडा फिरला. ट्रेलर लावून ७३-७४ दिसतात, गणिताप्रमाणेच. एक गोष्ट राहिली आहे, पूर्ण बॉडी असताना लांब वळणावर गाडी पाट्यांपेक्षा थोडी जास्त झुकते, त्याला ते जाणवतं आणि मला पण जाणवलं. मागे अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा, टाकायचा आहे. त्यासाठी एक्सलवर जागा मोजून ठेवली आहे, डिझेलच्या टाकीपासून ६० मिमी मोकळे मिळतात, त्यात बसेल असा बार शोधतोय.